व्याह्याची बिअर

सिरिल ओल्डरॉइड जन्मला तेव्हा त्याने आधी सुईणीचं तिकीट तपासलं आणि मग रडला, असं आमच्या बस डेपोत सांगत. मी त्या डेपोत कंडक्टर आणि तो इन्स्पेक्टर. वर तो माझा शेजारीही. यॉर्कशरमध्ये हॅलिफॅक्सच्या पलीकडे दरीत थॉर्नली नावाचं गिरण्यांचं गाव आहे, तिथे मिल लेनवर भिंतीच्या एका अंगाला ओल्डरॉइड आणि दुसऱ्या अंगाला आम्ही, म्हणजे मी आणि शालू. दिवसा त्याच्या नजरेतून सुटका नाही आणि संध्याकाळी त्याच्या आवाजातून.

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं होतं, वाईट माणसाला टाळता येतं. सिरिल नेहमी बरोबर असायचा. एखादी म्हातारी डुलकी लागून एक थांबा पुढे आली, तर तो तिला पावसात उतरवायचा, टोपीला हात लावून 'या बाई' म्हणायचा, आणि त्या दोन्ही गोष्टी तितक्याच मनापासून करायचा. त्याची बायको विनी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. पाचशे पोरांना बटाटे वाढून आलेली बाई घरी फार बोलत नसे. जे बोलायची ते एकदाच बोलायची.

गावातला आमचा पब 'शटल'. त्याचा मालक अर्नल्ड मिजली. दंड मांडीएवढे, बायको वारलेली, एक मुलगा. अर्नल्डची बिटर बिअर दरीत नावाजलेली होती. तांबूस, कडसर, वर सायीसारखा फेस. सिरिल रोज संध्याकाळी तिथे जायचा, खिडकीजवळच्या एकाच खुर्चीवर बसायचा आणि आज कोणाकोणाला बसमधून उतरवलं ते सांगायचा. लोक ऐकून घ्यायचे. पबमध्ये डोक्यावर छप्पर असतं, हातात पेला असतो, मग माणूस बरंच काही ऐकून घेतो.

एक दिवस सिरिलने कोटाच्या खिशातून लाकडी पट्टी काढली आणि पेल्यातल्या फेसात उभी बुडवली.

"हे बघ, अर्नल्ड," तो म्हणाला. "मी बिअर मागितली होती. दाढीचा साबण नाही."

अर्नल्ड पेले पुसत होता. "मग दाढी करून घे. गरज आहे तुला."

सगळे हसले. सिरिलला हसलेलं चाललं असतं, पण त्याचाच कंडक्टर, म्हणजे मी, हसलो ते चाललं नाही. तो उठला. "या दारातून मी पुन्हा आत येणार नाही. बिअर काय, ती कोणीही घरी करू शकतो. तुझ्याकडे एक मोरी आहे आणि एक नळ, बाकी काय आहे?"

"नको येऊस," अर्नल्ड म्हणाला. "त्या खुर्चीला जरा वारा लागेल."

सिरिल ताडताड बाहेर गेला. थोड्या वेळाने दार किलकिलं झालं आणि एक हात आत आला. टोपी विसरली होती. पण शपथ घेतलेली, म्हणून उंबऱ्याबाहेर उभा राहून नुसता हात लांबवत होता. शेवटी मी टोपी नेऊन दिली. 'थँक यू' म्हणाला नाही.

त्याच आठवड्यात त्याने केमिस्टच्या दुकानातून घरी बिअर करायचं किट आणलं. तेव्हा ते खूळ सगळीकडे होतं. खोकल्याचं औषध आणि गरम पाण्याच्या पिशव्या यांच्यामध्ये हे डबे मांडलेले असत. साक्षीदार म्हणून मला बोलावलं गेलं. डबा फोडला तर आत दाट, काळी काकवी. भाजलेल्या जवाचा तो अर्क, त्यातच कडवटपणाची फुलं उकळून घातलेली. सिरिलने तो बादलीत ओतला, वर उकळतं पाणी, त्यात साखर. वाफ वर आली आणि मी एकदम आमच्या गावी, वडगावच्या गुऱ्हाळात जाऊन उभा राहिलो. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. सिरिलच्या बिअरने मला आयुष्यात काही चांगलं दिलं असेल तर ती तेवढी वाफ.

पाणी निवलं की यीस्टची पुडी टाकायची, झाकण ठेवायचं आणि बादली उबेला ठेवून द्यायची. बुडबुडे येतात, फेस येतो, मग हळूहळू सगळं शांत होतं. पूर्ण शांत झाल्यावरच बाटल्या भरायच्या, प्रत्येकीत चिमूटभर साखर, वर पत्र्याचं झाकण ठोकायचं. आणि मग खरं काम, म्हणजे काहीही न करणं. थंड जागी आठवडेच्या आठवडे मुरू द्यायचं. डब्याबरोबरच्या कागदावर हे ठळक अक्षरात छापलेलं होतं: घाई करू नका.

आयुष्यभर दुसऱ्यांना नियमांवर चालवणाऱ्या सिरिलने तो कागद वाचला, घडी केली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला. "हे नवशिक्यांसाठी असतं," तो म्हणाला. हे त्याचं पहिलंच किट होतं.

बादली ठेवली कपाटात, गरम पाण्याच्या टाकीशेजारी, जिथे विनी धुतलेले टॉवेल ठेवायची. आता विनीच्या घरचा सगळा जीव चॅपलमध्ये. तिथले लोक दारूच्या थेंबाला शिवत नाहीत. त्या रविवारी ओल्डरॉइड कुटुंब प्रार्थनेला बसलं तर पुढच्या रांगेतल्या बायका नाकं वर करून इकडे तिकडे बघायला लागल्या. टॉवेलपासून गळपट्ट्यांपर्यंत सगळ्याला पबचा वास.

"सिरिल," विनी घरी येऊन म्हणाली, "माझ्या उशीलाही वास येतो."

"चांगला आहे की," सिरिल म्हणाला.

तो रोज झाकण उघडून बघायचा, ढवळायचा, चाखायचा. शालू भिंतीपलीकडून सगळं ऐकत होती. मला म्हणाली, "लोणचं घातलं की बरणीला फडकं बांधतात आणि विसरून जातात. हा माणूस रोज बरणीत बोट घालून विचारतो, मुरलीस का गं?"

बाटल्या भरल्या, त्या मुरायच्या आतच आमच्या घरी आल्या. पहिल्या घोटाला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव, मग आंबलेल्या कणकेची, आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी तांब्याची तार चाटल्यासारखं काहीतरी. यॉर्कशरची माणसं तोंडावर बोलण्यासाठी प्रसिद्ध आहेत. तुझ्या बायकोची टोपी वाईट आहे, तुझा मुलगा मंद आहे, हे ती सहज सांगतात. पण फुकट मिळालेल्या बिअरला त्यांनी नावं ठेवलेली मी पाहिली नाहीत. गल्लीतल्या एकाने पेला उजेडात धरला आणि म्हणाला, "वेगळीच आहे." दुसरा म्हणाला, "अंगाला लागते." तिसरा म्हणाला, "असली मी कधी प्यालो नव्हतो." सिरिलने ही सगळी वाक्यं स्तुती म्हणून जमा केली. माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि तुझं काय, मोरे?"

मी म्हणालो, "आमच्याकडे अशी होत नाही." तेही जमा झालं.

अशी काही वर्षं गेली. सिरिलच्या दाराशी रिकाम्या बाटल्या साठत गेल्या आणि भरलेल्या आमच्या मोरीत रित्या होत गेल्या. आणि मग शहात्तर सालच्या वसंतात त्याची मुलगी जूडिथ म्हणाली की तिला लग्न करायचं आहे, कीथ मिजलीशी.

मी तेव्हा कुंपणाशी उभा होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"कुठला मिजली?" सिरिल म्हणाला.

"बाबा, गावात एकच मिजली आहे."

"शटलच्या मिजलीचा मुलगा?"

"त्याला तो काय करणार? जन्मताना कोणी विचारलं नव्हतं त्याला."

सिरिलने गुलाबाच्या झुडपातलं एक वाळकं पान खुडलं. मग विचारलं, "बिअर कोणती पितो?"

"तो चहा पितो," जूडिथ म्हणाली.

त्यावर सिरिल जरा विरघळला. पण अट घातली. लग्नाची मेजवानी शटलमध्ये होणार नाही. घरच्या अंगणात होईल, आणि पाहुण्यांना बिअर मिळेल ती ओल्डरॉइडच्या हातची. आपल्याकडे मुलीचा बाप व्याह्यासमोर पागोटं काढून ठेवतो. इथे मुलीचा बापच वरमाय होऊन बसला होता. अर्नल्डने निरोपाला उत्तर पाठवलं, "पाहुण्यांनी काय गुन्हा केलाय?" जूडिथने ते उत्तर घरी आणताना वाटेत बदललं आणि सांगितलं, "ते म्हणाले, ठीक आहे."

लग्न पानगळीत ठरलं होतं. उन्हाळा सुरू झाला आणि ते ओढून ऑगस्टमध्ये आणावं लागलं. कारण विनीने सिरिलला एका वाक्यात सांगितलं. आपण आजोबा होणार हे ऐकून सिरिलचा चेहरा पांढरा पडला आणि तो म्हणाला, "मग बिअर मुरणार कधी?"

तो उन्हाळा कसा होता ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. टेकड्या पिवळ्या पडल्या, धरणाच्या तळाला भेगा गेल्या, बागेला पाणी घालणाऱ्याकडे शेजारी खुन्याकडे बघावं तसे बघायला लागले. मला ऊन नवं नव्हतं, पण गिरणीच्या गावात ते शोभत नव्हतं. आणि त्या उन्हात सिरिल पाणी भरत होता, बादल्यांमागून बादल्या. जवळच्या कोणी हटकलं तर म्हणायचा, "हे पाणी नाही. ही बिअर आहे, अजून झाली नाही इतकंच."

घाई होती म्हणून बुडबुडे थांबायच्या आतच त्याने बाटल्या भरल्या. व्याही बिअरवाला, म्हणून बिअर जोरकस हवी, यासाठी चिमटीऐवजी चमच्याने साखर घातली. निम्म्या बाटल्या तळघरात ठेवल्या. तिथली जागा संपली, म्हणून उरलेल्या अंगणातल्या शेडमध्ये रचल्या. पत्र्याचं छप्पर.

लग्नाच्या आधीच्या बुधवारी दुपारी चॅपलचे रेव्हरंड पिकल्स चहाला आले. अंगणात टेबल मांडलेलं, काकडीचे सँडविच, विनीचा चांगला चहाचा सेट. आम्हालाही बोलावलं होतं. पाद्रीबुवा संसारात संयम किती मोलाचा यावर बोलत होते. जूडिथ सैल झगा घालून मान खाली घालून ऐकत होती. तेवढ्यात शेडमध्ये ठो झालं.

"काय होतं ते?" पाद्रीबुवा म्हणाले.

"काही नाही," सिरिल म्हणाला. "शेडचं लाकूड तापतं."

मग दोन एकदम झाले. मग एक बाटली फुटली की तिच्या धक्क्याने शेजारची, तिच्या धक्क्याने पलीकडची, अशी माळच लागली. दिवाळीत मारुतीच्या देवळासमोर लावतात तशी. शेडच्या खिडकीची काच बाहेर आली. दाराखालून तांबूस फेस सरपटत आला आणि पाद्रीबुवांच्या बुटांशी येऊन थांबला. त्यांनी पाय उचलले, खाली ठेवायला जागा दिसेना, म्हणून तसेच अधांतरी धरून बसले. गल्लीच्या टोकाची मिसेस हॉयल घराबाहेर येऊन जमिनीवर पालथी पडली होती. तिला युद्धाची सवय होती.

"सिरिल," विनी म्हणाली, "लाकूड फारच तापलंय."

सिरिल घरात गेला आणि बाहेर आला तो क्रिकेटचे पॅड पायाला बांधून, डोक्यावर मोटारसायकलचं हेल्मेट, एका हातात कचऱ्याच्या डब्याचं झाकण ढालीसारखं. मुंग्यांच्या वारुळाकडे जावं तसा तो वाकून शेडमध्ये शिरला. वाचलेल्या बाटल्या बाहेर काढायच्या होत्या. पहिलीला हात लावला, ती गेली. दुसरीला हात लावायच्या आत गेली. तो बाहेर आला तेव्हा हेल्मेटवरून फेस ओघळत होता. पाद्रीबुवांनी तोंडावर उडालेला थेंब नकळत जिभेने टिपला. त्यांचा चेहरा वाकडा झाला. आमच्या गावात सिरिलच्या बिअरबद्दल पहिलं प्रामाणिक मत ते.

"तळघरातल्या शाबूत आहेत," सिरिल ओठ पुसत म्हणाला. "कमजोर होत्या त्या फुटल्या. टिकल्या त्या अस्सल."

त्या संध्याकाळी विनीने तळघरातली एक बाटली उघडली, बशीत ओतली, वास घेतला, चॅपल बाजूला ठेवून एक घोट घेतला. मग तिने पदर खोचावा तसा अॅप्रन घट्ट बांधला आणि मागच्या गल्लीने शटलच्या मागच्या दाराशी गेली. मला सोबत नेलं, कारण पुढे बाटल्या उचलायला माणूस लागणार होता.

अर्नल्ड पिंपं धूत होता.

"अर्नल्ड," ती म्हणाली, "माझ्या तळघरात शंभर माणसांचं पोट बिघडेल एवढा माल आहे. मला तो बदलायचाय."

"सिरिल काय म्हणतो?"

"सिरिलला कळणार नाही."

अर्नल्ड ताठ झाला. "म्हणजे माझी बिअर त्याच्या नावाने जाणार? माझी? त्या माणसाने माझ्या पेल्यात पट्टी घातली होती, विनी."

"पोटं बिघडतील ती दोन्हीकडच्या पाहुण्यांची बिघडतील," विनी म्हणाली. "तुझी बहीण ब्लॅकपूलहून येणार आहे ना? तिचं पोट आधीच नाजूक आहे."

अर्नल्डने बराच वेळ पिंप घासलं. घासून झालेलंच पुन्हा घासलं. शेवटी म्हणाला, "पोरीचं बरं चाललंय ना? सकाळी उलट्या होतात अजून?"

"कमी झाल्यात."

"आल्याचं बिस्किट दे तिला," अर्नल्ड म्हणाला. "आणि सिरिलला घराबाहेर काढ."

शुक्रवारी सकाळी विनीने सिरिलला केस कापायला आणि सूट आणायला जूडिथबरोबर हॅलिफॅक्सला पाठवलं. इकडे अर्नल्ड हातगाडीवर पिंप घालून आला. आम्ही तळघरातल्या बाटल्या उघडत गेलो. विनी ओतायची, शालू विसळायची, अर्नल्ड जगने भरायचा, आणि मी सिरिलच्याच यंत्राने झाकणं ठोकायचो. एकदा अर्नल्डने उत्सुकतेपोटी जुन्यातला घोट घेतला आणि मोरीत थुंकला. मग कितीतरी वेळ नळाखाली तोंड धरून उभा होता. दुष्काळात तेवढं पाणी कोणी वाया घालवलेलं मी पाहिलं नव्हतं, पण त्याला कोणी दोष दिला नाही. गल्लीतले दोघेतिघे दारातून डोकावून गेले. दुपारपर्यंत सगळ्या मिल लेनला कळलेलं होतं. न कळलेला एकच माणूस हॅलिफॅक्सहून मान तुळतुळीत करून परत आला.

लग्न छान झालं. जूडिथने फुलांचा गुच्छ जरा खाली धरला होता. आमचं आणि ओल्डरॉइडांचं अंगण मधलं कुंपण काढून एक केलं, फळ्यांची टेबलं मांडली. हॅम, पोर्क पाय नावाच्या मांस भरलेल्या कचोऱ्या, कांद्याचं लोणचं, गोडाला ट्रायफल. शालूने केलेली कांदाभजी 'हे काय आहे' असं विचारत लोकांनी सगळ्यांत आधी संपवली. आणि मधोमध सिरिल, कोटाला फूल लावून, बाटल्या उघडून पेले भरत होता.

लोकांनी पहिला घोट धास्तीने घेतला. मग एकमेकांकडे बघितलं आणि दुसरा स्वतःहून घेतला. "सिरिल," कोणीतरी म्हणालं, "आता जमली रे तुला." ज्यांना माहीत होतं ते तर जास्तच वाहवा करत होते. सिरिल हळूहळू फुगत गेला. आणि फुगलेल्या माणसाला एका कोपऱ्यात अर्नल्डने आणलेलं छोटं पिंप दिसलं. ते व्याह्याने आहेर म्हणून आणलं होतं. वाकडं दिसू नये म्हणून.

"थांबा," सिरिल टेबलावर चमचा आपटून म्हणाला. "आज होऊनच जाऊ दे. एका पेल्यात माझी, एकात व्याह्यांची. डोळे बांधून सांगतो कुठली कोणाची."

विनी म्हणाली, "सिरिल, केक कापायचाय."

"केक पळून जात नाही."

जूडिथच्या लीड्सच्या काकांनी रुमालाने त्याचे डोळे बांधले. एक पेला पिंपातून भरला, एक बाटलीतून. दोन्ही एकाच विहिरीचं पाणी. लोक हातातले पेले तसेच धरून पुढे सरकले. सिरिलने उजव्या पेल्यातला घोट घेतला, तोंडात घोळवला.

"ही शटलची," तो म्हणाला. "पाणचट. मागे काही राहतच नाही. हिला कणा नाही."

मग डावा पेला. त्याने डोळे बांधलेले असूनही मिटले असावेत, कारण कपाळाच्या आठ्या गेल्या.

"आणि ही," तो हळू आवाजात म्हणाला, "ही माझी."

मिसेस हॉयलने तोंडात रुमाल कोंबला. कीथ वळून भिंतीकडे बघायला लागला, त्याचे खांदे हलत होते. सगळे अर्नल्डकडे बघत होते. एका शब्दात त्याला सगळा हिशेब मिटवता आला असता. त्याने जूडिथकडे पाहिलं. ती दोन्ही हात पोटावर ठेवून उभी होती.

"मान्य," अर्नल्ड म्हणाला. "तुझीच सरस आहे, सिरिल."

सिरिलने डोळ्यांवरचा रुमाल काढला. त्याला वाटलं लोक आनंदाने रडताहेत.

इथून पुढची वर्षं आम्हाला जड गेली. लग्नात केलेली स्तुती मागे घेता येत नाही, आणि सिरिलची बिअर होती तिथेच होती. पुठ्ठा, कणीक, तांब्याची तार. तो रिटायर झाला आणि दिवसभर बादलीपाशी बसायला लागला. प्रत्येक सणाला, प्रत्येक बारशाला, प्रत्येक अंत्यविधीला बाटल्या यायच्या, आणि बाटलीमागे ती गोष्ट यायची: व्याही काय म्हणाला, सगळ्यांदेखत काय म्हणाला. पण लग्नातल्यासारखी पुन्हा होत नाही, हे त्याच्याही जिभेला कळत होतं. त्यावर त्याने सिद्धांत काढला. ते दुष्काळाचं पाणी होतं, तळाचं, दाट. तेव्हापासून पाऊस न पडलेला प्रत्येक आठवडा सिरिलला आशेचा वाटायचा. सगळी दरी पावसाची वाट बघत असताना हा एकटा आभाळाला मनातून नको म्हणायचा.

शटलमध्ये मात्र त्याने पाऊल टाकलं नाही. अर्नल्डला अर्धांगाचा झटका आला आणि पब कीथ आणि जूडिथकडे आला, तरी नाही. नात पबच्या वरच्या मजल्यावर वाढत होती, आणि आजोबा तिला समोरच्या फुटपाथवर भेटायचे, बस थांब्यावर उभं राहिल्यासारखे. नातीच्या आठव्या वाढदिवसाला जूडिथने केक केला, आजोबांना बोलावलं. सिरिल म्हणाला, "तिथे माझी बिअर ठेवा, मग येतो. कोणाची चांगली ते अख्ख्या गावाला माहीत आहे. व्याह्याने स्वतः कबूल केलंय."

विनी भांडी घासत होती. मी त्यांची शिडी परत द्यायला आलो होतो, स्वयंपाकघराच्या दारात उभा.

"ती अर्नल्डची होती," विनी म्हणाली.

"कोण?"

"लग्नातली बिअर. तुझी मी ओतून दिली. मोऱ्यांनी झाकणं ठोकली."

सिरिलने माझ्याकडे पाहिलं. तिकीट नसलेल्या प्रवाशाकडे बघायचा तसं नाही. उलट आपणच तिकीट हरवल्यासारखं. मी मान हलवली. शिडी हातातच होती, ती कुठे ठेवावी कळेना.

"दोन्ही पेले?" त्याने विचारलं.

"दोन्ही."

"मी म्हणालो कणा नाही."

"म्हणालास," विनी म्हणाली. "आता शर्ट बदल आणि पोरीच्या वाढदिवसाला जा."

तो गेला नाही. शेडमध्ये जाऊन बसला. त्याला वाईट वाटलं असेल असं शालू म्हणाली, आणि वाटीभर खीर घेऊन गेली. त्याने ती खाल्ली. वाटी धुऊन दिली. गल्लीत त्याची कणव कोणालाच आली नाही, हेही सांगायला हवं. इतकी वर्षं पुठ्ठा प्यायल्यावर माणसाच्या मनात कणवेला जागा उरत नाही.

पुढच्या रविवारी दुपारी तो एक बाटली बगलेत घेऊन निघाला. शटलच्या पुढच्या दाराने गेला नाही. मागच्या अंगणातून लोखंडी जिना वर जातो, त्यावरून चढला. जूडिथने मला नंतर सांगितलं. अर्नल्ड पलंगावर उशांना टेकून बसला होता. त्याचा उजवा हात गेलेला, बोलणं एकेका शब्दाचं. सिरिलने खुर्ची ओढली, बाटली उघडली, पेला त्याच्या डाव्या हातात दिला आणि खालून आपला हात धरून ठेवला.

"खरं सांग," तो म्हणाला.

अर्नल्डने घोट घेतला. गिळायला वेळ लागला. झटक्यामुळे की चवीमुळे ते सांगता येत नाही.

"वाईट," अर्नल्ड म्हणाला.

"किती?"

अर्नल्डने शब्द जमवला. "घाण."

सिरिलने पेला त्याच्या हातून घेऊन बाजूला ठेवला. मग जिन्यापाशी येऊन जूडिथला म्हणाला, "त्याचं बोलणं सुधारलंय."

मग तो दर रविवारी जायला लागला. आम्हाला वाटलं मैत्री झाली. जूडिथ म्हणाली, मैत्री कसली, दोघं भांडतात. एकाला बोलता येत नाही आणि दुसऱ्याला गप्प बसता येत नाही, तरी भांडतात. अर्नल्ड एक शब्द टाकायचा आणि सिरिल त्यावर आठवडाभर घरी धुसफुसायचा. 'गोड.' 'आंबट.' 'घाई.' हा शेवटचा शब्द अर्नल्डने इतक्या वेळा टाकला की त्याचा उच्चार सगळ्यांत आधी सुधारला.

पुढच्या हिवाळ्यात सिरिलला छातीची सर्दी झाली आणि त्याचे पाय तळघराच्या पायऱ्या उतरेनात. विनीने किल्ली आपल्या अॅप्रनच्या खिशात टाकली. त्यामुळे बाटल्यांना कोणी हात लावला नाही, चाखलं नाही, हलवलं नाही. मार्चमध्ये बरा होऊन तो एक बाटली घेऊन जिना चढला. अर्नल्ड बराच वेळ ओठ चाटत राहिला.

"पिता येते," तो म्हणाला.

हे दोन शब्द मिल लेनवर सिरिलने घरोघर जाऊन सांगितले. मला कुंपणावरून सांगितले, मग शालूला वेगळे सांगितले. मिसेस हॉयलला ऐकू कमी यायचं म्हणून तिला दोनदा.

अर्नल्ड त्या उन्हाळ्यात गेला. सिरिलने अंत्यविधीला बाटल्या आणल्या नाहीत, आणि कोणी त्यांची आठवणही काढली नाही. बिअर तो अजून करतो. नाताळला दोन बाटल्या आमच्या दारात ठेवतो आणि नव्या वर्षात विचारायला येतो. आता आम्ही खरं सांगतो. गेल्या वर्षी शालूने सांगितलं, आधीपेक्षा बरी आहे पण पुठ्ठा अजून गेला नाही. तो पंधरा दिवस आमच्याशी बोलला नाही. मग एका सकाळी कुंपणावरून शालूला म्हणाला, "पुठ्ठा सुरुवातीला लागतो की शेवटी?"

"मधेच," शालू म्हणाली.

तो टोपीला हात लावून आत गेला.